आधीचा गरीब, नंतरचा गरीब

पोर्तुगीज दर्यावर्दींनी आपलं बंदर पाहिलं, ‘बॉम बाया’ म्हणजे ‘छान खाडी’ असे उद्गार काढले आणि त्यावरून बॉम्बे झालं, ही गोष्ट मुंबईतल्या बऱ्याच पोरांच्या कानावरून गेलेली असते. गोष्ट गोड आहे, पण व्याकरणात नापास आहे. पोर्तुगीजमध्ये ‘बाया’ हा शब्द स्त्रीलिंगी. कोणी खलाशी खरंच खूश झाला असता तर तो ‘बोआ बाया’ म्हणाला असता. ‘चांगला खाडी’ म्हणणारा मालवणी माणूस जितका दुर्मीळ, तितकाच ‘बॉम बाया’ म्हणणारा पोर्तुगीज. त्याच मुंबईतलं सांताक्रूझ मात्र चोख आहे. ‘क्रूझ’ म्हणजे क्रूस. तो त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्या आधी ‘सांता’, पवित्र.

स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. दोघींची आई लॅटिन, आणि विशेषणांचे संस्कार दोघींवर सारखेच. नकाशा उघडला तरी ते दिसतात. ‘कोस्ता’ म्हणजे किनारा. तो स्त्रीलिंगी, म्हणून कोस्ता रिका. ‘पुएर्तो’ म्हणजे बंदर. ते पुल्लिंगी, म्हणून पुएर्तो रिको. विशेषण एकच, श्रीमंत. ‘आयरे’ म्हणजे वारा, तो पुल्लिंगी आणि इथे अनेकवचनी, म्हणून ब्वेनोस आयरेस, ज्याला आपण ब्युनॉस आयर्स म्हणतो. अमेरिकेतली दोन राज्यं तर नुसती विशेषणंच आहेत. कोलोराडो म्हणजे तांबूस. हे नाव नदीवरून आलं, आणि ‘रिओ’ म्हणजे नदी पुल्लिंगी असल्याने शेवटी ‘ओ’. नेवाडा म्हणजे बर्फाने झाकलेली. हे नाव सिएरा नेवाडा या डोंगररांगेवरून आलं. ‘सिएरा’ स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी ‘आ’. नामं गळून पडली, पण त्यांचं लिंग विशेषणांच्या शेपटीला चिकटून राहिलं.

स्पॅनिश शिकवणारी जी पुस्तकं आपल्याकडे चालतात ती बहुतेक इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. इंग्रजी माणसाला विशेषण बदलतं हेच नवल, म्हणून ही पुस्तकं लिंगवचनाच्या जुळणीवर पानंच्या पानं खर्च करतात. मराठी विद्यार्थी ती पानं निष्ठेने घोकतो आणि जिथे खरी मेख आहे तिथे पोहोचेपर्यंत दमून जातो. ‘आल्तो, आल्ता, आल्तोस, आल्तास’ हे ‘मोठा, मोठी, मोठे, मोठ्या’ म्हणणाऱ्याला शिकवायचं काय? आपल्याकडे तर वर नपुंसकलिंग आहे, आणि ‘मोठा मुलगा’चं ‘मोठ्या मुलाला’ करणारं सामान्यरूपही आहे. लॅटिनच्या विभक्ती टाकून दिल्यामुळे स्पॅनिश त्यातून सुटली. माझं मत असं, की स्पॅनिश विशेषणाचं खरं व्याकरण त्याच्या शेपटीत नाही, त्याच्या जागेत आहे. जुळणीचा भाग म्हणून भराभर उरकतो.

शेवटी ‘ओ’ असलेली विशेषणं चार रूपं घेतात. ‘ए’ किंवा व्यंजन शेवटी असेल तर बहुधा फक्त वचन बदलतं: ‘बेर्दे’, हिरवा किंवा हिरवी, आणि ‘बेर्देस’. (स्पॅनिशमध्ये लिहिलेला व हा ब सारखा उच्चारतात, म्हणून बेर्दे.) आपल्या ‘सुंदर’ आणि ‘लाल’सारखीच ही अडेलतट्टू मंडळी. अपवाद देशवाचक शब्दांचा. ‘एस्पान्योल’ व्यंजनान्त असूनही बाईच्या बाबतीत ‘एस्पान्योला’ होतो. रंगांमध्ये गंमत आहे. ‘रोसा’ म्हणजे गुलाब, ‘नारांखा’ म्हणजे संत्रं. ही मुळात नामं, म्हणून रंग म्हणून वापरली तरी बहुतेकदा ती जागची हलत नाहीत. सदरे कितीही असोत, ‘कामीसास रोसा’च. आपल्याकडे ‘गुलाबी’ आणि ‘नारिंगी’ असेच ताठ, पण जांभूळ मात्र लवतं: जांभळा, जांभळी, जांभळं. का, ते ज्याच्या त्याच्या शेवटच्या स्वराला विचारा.

एका फसव्या शब्दापाशी मात्र थांबायला हवं. ‘आग्वा’ म्हणजे पाणी स्त्रीलिंगी आहे, पण आरंभीच्या ‘आ’वर आघात असल्याने त्याच्या लगेच आधी ‘ला’ न येता ‘एल’ येतं, जे एरवी पुल्लिंगाचं चिन्ह. तरीही गार पाणी म्हणताना ‘एल आग्वा फ्रीआ’, ‘फ्रीओ’ नाही. ‘एल’ ही कानाची सोय झाली, विशेषण मात्र खरी साक्ष देतं. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोकही इथे घसरतात आणि ‘हा’ या अर्थाचं पुल्लिंगी सर्वनाम पाण्याला लावून मोकळे होतात.

आता या शब्दजातीचं घराणं पाहू. आंतोनिओ दे नेब्रिहाने १४९२ साली राणी इसाबेलला अर्पण केलेल्या कॅस्टिलियन व्याकरणात दहा शब्दजाती मोजल्या. त्यांत विशेषणाला वेगळं घर नाही. ते नामाच्याच घरात राहतं, ‘विशेषण-नाम’ म्हणून. लॅटिन वैयाकरणांची हीच रीत होती, आणि आपल्या संस्कृत परंपरेतही विशेषण नामासारखंच चालवलं जातं. आन्द्रेस बेयो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या पंडिताने चिलीत राहून १८४७ साली अमेरिका खंडातल्या स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण लिहिलं, त्यातही नाम आणि विशेषण यांचं जवळचं नातं टिकून आहे. स्पेनच्या शाही अकादमीने विशेषणाला स्वतंत्र चूल मांडून दिली ती थेट १८७० च्या आवृत्तीत. पण वाटणी होऊनही विशेषणाची जुनी सवय गेली नाही. नाम नसलं तर ते आजही नामाच्या खुर्चीत बसतं.

बेयोचं मोठेपण शब्दजातींच्या मोजणीत नाही. विशेषण नामाच्या आधी आलं आणि नंतर आलं तर नेमकं काय होतं, हे त्याने लख्ख सांगितलं. मेंढ्यांना मवाळ म्हणताना विशेषण आधी ठेवलं, तर मेंढ्या मवाळ असतातच, बोलणाऱ्याने तो गुण फक्त उलगडून दाखवला. प्राण्यांना मवाळ म्हणताना ते नंतर ठेवलं, तर सगळ्या प्राण्यांतून मवाळ तेवढे वेगळे काढले. नंतरचं विशेषण निवड करतं, आधीचं विशेषण रंग भरतं. १९९९ साली इग्नासिओ बोस्के आणि बिओलेता देमोन्ते यांच्या संपादनाखाली निघालेलं त्रिखंडी वर्णनात्मक व्याकरण किंवा २००९ साली अकादमींनी मिळून काढलेलं जवळपास चार हजार पानांचं नवं व्याकरण, दोन्हींत हा विषय कितीतरी बारीक चिरला आहे. पण चिरलेलं जोडून पाहिलं तर बेयोचीच आकृती दिसते.

‘लोस एस्तुदिआन्तेस आप्लिकादोस’ पास झाले, म्हणजे विद्यार्थ्यांपैकी जे अभ्यासू होते तेवढेच. ‘लोस आप्लिकादोस एस्तुदिआन्तेस’ पास झाले, म्हणजे सगळेच पास, आणि सगळेच अभ्यासू. मराठीत ‘अभ्यासू विद्यार्थी पास झाले’ या वाक्यात दोन्ही अर्थ दडलेले आहेत. वेगळे करायचे तर आपल्याला ‘जे अभ्यासू होते ते’ असा वळसा घालावा लागतो, कारण आपलं विशेषण नामाच्या आधी खुंटा ठोकून बसलेलं. स्पॅनिशला दोन जागा आहेत आणि त्या दोन्हींचं ती पुरेपूर भाडं वसूल करते. अमेरिकेच्या अध्यक्षाचं घर ‘कासा ब्लांका’, कारण सगळ्या घरांतून ते पांढरं निवडायचं आहे. परीकथेतली हिमगौरी मात्र ‘ब्लांकानिएवेस’, पांढरेपणा आधी आणि बर्फ नंतर. बर्फ पांढरं असायचंच, त्यात निवडायचं काय?

‘जागा बदलली की अर्थ बदलणारी विशेषणं’ अशी एक यादी सगळ्या पाठ्यपुस्तकांत असते. ‘पोब्रे ओंब्रे’ म्हणजे बिचारा माणूस, ‘ओंब्रे पोब्रे’ म्हणजे पैशाने गरीब. ‘ग्रान ओंब्रे’ म्हणजे थोर माणूस, ‘ओंब्रे ग्रान्दे’ म्हणजे आडदांड. ‘नुएवो कोचे’ म्हणजे आधीच्या जागी आलेली आणखी एक गाडी, मग ती जुन्या बाजारातली का असेना. ‘कोचे नुएवो’ म्हणजे कोरी गाडी. ‘सिएर्ता नोतीसिआ’ म्हणजे कुठलीतरी एक बातमी, ‘नोतीसिआ सिएर्ता’ म्हणजे खरी बातमी. विद्यार्थी ही यादी पाढ्यासारखी पाठ करतात. मीही केली होती. तरीही पहिल्याच वर्षी एका पाहुण्याशी बोलताना माझ्या जुन्या शिक्षिकेचा उल्लेख ‘प्रोफेसोरा बिएखा’ असा करून बसलो. बाई शेजारीच उभ्या होत्या, चाळिशीही उलटली नसेल. “म्हातारी कोण रे?” म्हणून त्यांनी कान पकडला. ‘बिएखा’ आधी घातलं असतं तर शिकवण्याचं नातं जुनं ठरलं असतं, बाई तरुण राहिल्या असत्या.

त्या यादीचा घोटाळा असा, की तीत एकच नियम वीस वेगवेगळ्या अपघातांसारखा मांडलेला असतो. एक साधी परीक्षा करून पाहा. ‘तो माणूस पोब्रे आहे’, ‘तो मित्र बिएखो आहे’ असं विशेषण वाक्याच्या शेवटी विधेय म्हणून ठेवलं, की उरतो फक्त नंतरच्या जागेचा अर्थ: पैशाचं दारिद्र्य, वयाचं म्हातारपण. कणव आणि जुनी मैत्री गायब. म्हणजे नंतरच्या जागेतलं विशेषण त्या माणसाविषयी, वस्तूविषयी बोलतं. आधीच्या जागेतलं विशेषण बोलणाऱ्याच्या मनाविषयी बोलतं किंवा त्या नामात दडलेल्या नात्याविषयी. माणूस जुना नाही, मैत्री जुनी. मराठीने हाच भेद जागेऐवजी शब्दांवर सोपवला: ‘जुना’ मित्र आणि ‘म्हातारा’ मित्र, ‘बिचारा’ आणि ‘गरीब’, ‘नवी’ आणि ‘कोरी’. तुमच्या डोक्यात ही जोडी तयार असेल तर स्पॅनिशची यादी पाठ करायची गरज राहत नाही.

दोन जागा असण्याचा व्यवहारी उपयोग पाहायचा तर गोव्यात जावं, तिथल्या या नावांची भाषा पोर्तुगीज असली तरी. तिसवाडीत ‘वेल्हा गोवा’ आहे आणि ‘गोवा वेल्हा’ही आहे. शब्दशः दोन्हींचा अर्थ जुना गोवा. पहिलं म्हणजे चर्चचं, बॉम जीझसच्या बॅसिलिकेचं जुनं राजधानीचं शहर. दुसरं पणजीहून मडगावला जाताना लागणारं, कदंबांच्या बंदराचा वारसा सांगणारं गाव. यात व्याकरणाचा काटेकोर नियम नाही, पण विशेषणाला दोन खुर्च्या होत्या म्हणून दोन गावांना दोन नावं पुरली. मराठीत हे जमलं नसतं.

काही विशेषणांना मात्र निवडीचं स्वातंत्र्य नाही. ‘प्रेसुन्तो’ म्हणजे कथित. तो नेहमी आरोपीच्या, खुन्याच्या आधी उभा. याउलट ‘सौर’, ‘आर्थिक’, ‘वैद्यकीय’ यांसारखी विशेषणं कायम नंतर: ‘एनेर्खीआ सोलार’, सौर ऊर्जा. व्याकरणकार यांना संबंधवाचक म्हणतात. यांना ‘फार’ लावता येत नाही. फार सौर ऊर्जा कशी असेल? ती गुण सांगत नाहीत, खातं सांगतात. एका नामामागे अशी तीन-चार विशेषणं उभी राहिली की मराठी माणसासाठी एक सुंदर गोष्ट घडते. ‘पोलीतिका एकोनोमिका एस्पान्योला आक्तुआल’. हे उजवीकडून डावीकडे वाचा: सध्याचं, स्पॅनिश, आर्थिक, धोरण. आरशात मराठी वाक्य दिसावं तसं. दोन्ही भाषांत नामाला सगळ्यांत जवळचं विशेषण तेच, सगळ्यांत लांबचं तेच, फक्त रांग उलट दिशेने लागलेली. भाषांतर करताना ही एक युक्ती मला जेवढी कामाला आली तेवढी दुसरी कुठलीच नाही.

आधीच्या जागेत आलं की काही विशेषणं तुटतातही. ‘ब्वेनो’चं ‘ब्वेन’ होतं, ‘ग्रान्दे’चं ‘ग्रान’, ‘सांतो’चं ‘सान’. म्हणून सान फ्रान्सिस्को, सान होसे. पण नावाची सुरुवात ‘तो’ किंवा ‘दो’ने झाली तर ‘सांतो’ शाबूत राहतो, जसा सांतो दोमिंगो या डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीत. ‘सांता’ मात्र कधीच तुटत नाही. संत बायका अखंड.

विशेषण विधेयात गेलं की स्पॅनिश आणखी एक पेच टाकते. ‘असणे’साठी तिच्याकडे दोन क्रियापदं, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. आंबा ‘एस बेर्दे’ म्हणजे हिरव्या जातीचा, हिरव्या रंगाचा. आंबा ‘एस्ता बेर्दे’ म्हणजे कच्चा. माणूस ‘एस लिस्तो’ म्हणजे हुशार, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार. ‘एस रिको’ म्हणजे श्रीमंत, पण आमटी ‘एस्ता रिका’ म्हणजे झक्कास. वर्गात सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम पहिल्याच मयतीला कोसळतो. मेलेला माणूस कायमचा मेलेला, तरी त्याला ‘एस्तार’च लागतं. तारुण्य चार दिवसांचं, तरी त्याला सहसा ‘सेर’. एस्तारमध्ये एक तुलना लपलेली असते, ती वस्तू एरवी कशी असते किंवा आधी कशी होती याच्याशी. ‘एस ग्वापा’ म्हणजे ती सुंदर आहे. ‘एस्ता ग्वापा’ म्हणजे आज छान दिसतेय. हे वाक्य एस्तार लावून म्हणताना जरा जपून, एरवी काय दिसत नाही का, असा सवाल येऊ शकतो. ही सीमाही सरकते आहे. कार्मेन सिल्वा-कोर्वालान यांनी १९८६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या द्विभाषक लोकांच्या बोलीत एस्तार कसं सेरची जमीन बळकावतंय हे दाखवलं होतं. वय आणि आकार सांगणाऱ्या विशेषणांत ही घुसखोरी विशेष दिसते.

गुणाची मात्रा वाढवायला स्पॅनिश शेवटी ‘-ईसिमो’ जोडते: ‘आल्तीसिमो’, फार फार उंच. नेब्रिहाच्या काळातल्या बोलीत हे फारसं रुळलेलं नव्हतं. लॅटिन आणि इटालियनच्या वळणाने सोळाव्या शतकात ते फोफावलं. इतकं, की १६१५ साली आलेल्या ‘डॉन किहोते’च्या दुसऱ्या भागात सेर्वान्तेसने त्याची यथेच्छ टर उडवली. एक दुःखी दासी शब्दाशब्दाला ‘ईसिमो’ लावते आणि किहोतेचा चाकर सांचो पान्सा तिला तिच्याच सुरात उत्तर देतो, नामांनाही शेपूट जोडून. पुढे हुकूमशहा फ्रँकोने ‘हेनेरालीसिमो’ म्हणवून घेतलं तेव्हा कोणी हसलं नाही. आज अर्जेंटिनात तरुण पोरं ‘रे’ हा उपसर्ग पुढे लावून भागवतात. या एका बाबतीत मी मराठीच्या बाजूने निकाल देतो. सगळ्यांना एकच ‘ईसिमो’ आणि आपल्याकडे काळंकुट्ट, पांढरंशुभ्र, हिरवंगार, पिवळंधमक, लालभडक. प्रत्येक रंगाला स्वतःचा सोबती.

नाम गाळून विशेषणाने काम चालवणं दोन्ही भाषांना सारखंच जमतं. दुकानात आपण ‘लाल दाखवा, मोठी नको’ म्हणतो, तसंच ‘ला रोखा’, ती लाल. २०१० साली विश्वचषक जिंकलेल्या स्पेनच्या फुटबॉल संघाचं हेच नाव, कारण राष्ट्रीय संघ या अर्थाचा ‘सेलेक्सिओन’ शब्द स्त्रीलिंगी. उरुग्वेचा संघ ‘ला सेलेस्ते’, आकाशी. व्हेनेझुएलाचा ‘ला बीनोतिन्तो’, लाल वाइनच्या रंगाचा. इथे ‘ला’ स्त्रीलिंगी असूनही शेवटी ‘ओ’, कारण हा शब्द गुलाबासारखाच मुळात नाम आहे. आणि ज्या भाषेत नामांना नपुंसकलिंग नाही तिथे विशेषणाला मात्र ते आहे: ‘लो ब्वेनो’, जे चांगलं ते. लॅटिनचं तिसरं लिंग अशा थोड्या कोपऱ्यांत जीव धरून राहिलंय.

हा कोपरा आठवण्याचं कारण आजचा वाद. स्त्रिया आणि पुरुष एकत्र असले की स्पॅनिश विशेषण पुल्लिंगी अनेकवचनात जातं. नव्याण्णव बाया आणि एक बुवा दमले तर सगळे ‘कान्सादोस’. याला कंटाळून अनेक तरुणांनी, विशेषतः अर्जेंटिनात, शेवटी ‘ए’ लावायला सुरुवात केली. मराठीकडे यावर घरगुती तोडगा आहे, ‘आई आणि मुलगा दोघंही दमली’, हे नपुंसकलिंगी अनेकवचन. सभेत मात्र आपणही ‘सगळे आले’ म्हणून मोकळे होतो, तेव्हा फार फुशारकी नको. बोस्के यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या आणि अकादमीने उचलून धरलेल्या अहवालात पुल्लिंगी रूपच समावेशक मानलं. ब्युनॉस आयर्स शहराच्या सरकारने जून २०२२ मध्ये शाळांतल्या शिक्षकांना ‘ए’ची रूपं वापरायला मनाई केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या मिलेई सरकारने राष्ट्रीय प्रशासनातही. विशेषणाच्या शेवटच्या स्वरावर सरकारी फतवा निघावा, यावरून तो स्वर किती जड आहे ते कळतं. तो फतव्याने थांबेल असं मला वाटत नाही, आणि आंदोलनाने झटकन रुजेल असंही नाही. ‘ईसिमो’ला रुजायला शंभरेक वर्षं लागली होती.

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकवणाऱ्यांना शेवटी एक विनंती. इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट मराठीच्या अंगाने एक छोटं पुस्तक लिहा. जुळणीला दोन पानं द्या, जागेला वीस. जुना आणि म्हातारा, नवी आणि कोरी, बिचारा आणि गरीब, एवढ्या तीन जोड्यांपासून सुरुवात करा. पहिली प्रत मी विकत घेईन.